चाळीस दिवसांचा खुराक

लाडक्याला पोट सुटलं होतं.

रुपीला क्षणभर वाटलं, आपण भलत्याच माणसाकडं बघतोय. काशिनाथपंतांच्या गवताच्या गंज्यांमागं तालमीचं छप्पर होतं. त्याच्या दाराशी लंगोट लावलेला एक गुबगुबीत गडी बैठका मारत होता, दर बैठकेला ‘हं’ करत होता, आणि तो तिचा नवरा होता. उजाडता पोशेऱ्याहून निघालेली ती दुपार कलताना जव्हारला पोचली होती. डोक्यावर पाटी, पाटीत सुक्या मासळीची पुडी आणि भोपळ्याच्या तुंब्यात आंबील. घरातल्या जुन्या नागलीचा शेवटचा शेर दळून तिनं ती केली होती.

“ह्ये काय झालंय तुझं?” ती म्हणाली.

लाडक्या अर्ध्या बैठकेत थांबला. “खुराक,” म्हणाला, आणि लाजला.

“गाभण म्हशीसारखा दिसतंस.”

छपरातून वस्ताद बाहेर आला. केरबा वस्ताद देशावरचा. दोन्ही कान कुस्तीत मोडून भज्यासारखे झालेले, मान नाहीच, खांद्यावरच डोकं ठेवलेलं. बायको नवऱ्याला अरे-तुरे करते हे ऐकून तो जागच्या जागी थबकला.

“आगं बये, पैलवानाशी बोलतीस तू.”

“पैलवान कोण? ह्यो माझा माणूस हाय. धावतो.”

ते खरंच होतं. गेल्या उन्हाळ्यात खोडाळ्याला पंतांच्या गंजीला आग लागली, तेव्हा सांगावा घेऊन लाडक्या जो सुटला तो जव्हारात थेट पंतांच्या ओसरीवर येऊन थांबला. पंतांचा घोडेस्वार त्याच्या आधी निघालेला, तो मागून आला. पंत गवताचे ठेकेदार, हिशेबी माणूस. त्यांनी लाडक्याच्या काटकुळ्या पायांकडं पाहिलं, सकाळपासून काय खाल्लंस म्हणून विचारलं. लाडक्या म्हणाला, आंबील. पंतांच्या डोक्यात तेव्हाच किडा वळवळला: नागलीच्या पाण्यावर हा एवढं धावतो, तर बदामावर किती धावेल!

पुढचं सगळं त्या किड्यानं केलं. दसऱ्याला मोखाड्याहून जव्हारपर्यंत आठ कोसांची शर्यत ठरली, पंतांचा गडी आणि वाडा गावाकडच्या दुसऱ्या ठेकेदाराचा गडी. चाळीस दिवस आधी लाडक्याला उचलून तालमीत आणला. आणि पाड्याला शब्द दिला: जिंकला, तर यंदा गवत कापायच्या वेठीला पोशेऱ्याच्या पाड्यावरून एकही माणूस नेणार नाही. आपलं भात-नागली कापणीला आलेलं असताना दुसऱ्याचं गवत कापायला जावं लागतं, त्याचं दुखणं ज्यानं सोसलंय त्यालाच कळेल. पाडा एका तोंडानं हो म्हणाला. रुपीला कोणी विचारलं नाही. लाडक्यालाही नाही, पण तो खुशीत होता.

आज त्या चाळिसातला विसावा दिवस होता.

“काय काय देतंस त्याला?” रुपीनं वस्तादाला विचारलं.

वस्तादाची कळीच खुलली. पहाटे चरवीभर दूध. मग पाचशे जोर, हजार बैठका. मग बदामाची थंडाई, वर तूप. दुपारी मटण. दिवेलागणीला परत दूध. आणि पाणी अगदी मोजकं. धावताना तर थेंबसुद्धा नाही.

“थेंब नाय? का?”

“आगं, घोडा पळवून आणल्यावर लगेच पाणी पाजत्यात का? जागच्या जागी आखडतो.”

“घोड्याला इचारलंस?”

वस्ताद हसला. माणूस वाईट नव्हता, हेच वाईट होतं. लाडक्याच्या पोटऱ्या तो स्वतः तेल लावून रगडायचा, स्वतःच्या वाट्याचे बदाम त्याच्या वाटीत टाकायचा. वाईट माणसावर रागवावं तर राग पुरतो तरी. असल्या माणसावर रागवायचं म्हणजे शेणाच्या ढिगावर काठी मारायची. आवाज होत नाही, आपणच बरबटतो.

तिनं लाडक्याला बाजूला घेतलं. “दूध पचतं तुला?”

पाड्यावर गायी होत्या, पण दूध वासराचं. तिथं कोणी गाय पिळत नसे. लाडक्यानं आईचं सोडलं त्यानंतर दूध तोंडाला लावलं नव्हतं ते थेट इथं.

“तीनदा जावं लागतं,” तो हळूच म्हणाला. “कधी पाचदा. वस्ताद म्हणतो, जुना मळ निघतोय.”

“आणि गुडघे?”

“ठणकतात. वस्ताद म्हणतो, ताकद उतरतेय.”

“वस्ताद म्हणतो, वस्ताद म्हणतो. तुझे गुडघे काय म्हणतात?”

तिनं तुंबा पुढं केला. तो वास येताच त्याचं तोंड असं झालं, की रुपीला आतून काहीतरी तुटल्यासारखं वाटलं. त्यानं हात पुढं केला, तेवढ्यात वरून वस्तादाचा पंजा आला.

“ह्ये आंबट पाणी? आणि माझ्या खुराकावर? दूध फाटंल की पोटात!” आणि त्यानं तुंबा उचलून हौद्याच्या, कुस्तीच्या आखाड्याच्या, लाल मातीत उपडा केला. रागानं नव्हे. घरात लेकरू चिखल खाताना दिसलं की आपण जसं त्याच्या तोंडात बोट घालतो, तसं.

मातीनं आंबील पिऊन टाकली. घरातली शेवटची नागली. रुपी त्या ओल्या डागाकडं बघत राहिली. लाडक्याही बघत राहिला, आणि त्यानं शब्द काढला नाही. रुपीला खरा राग आला तो तिथं. वस्तादाला अक्कल नव्हती. ह्याला होती आणि ह्यानं ती तालमीच्या खुंटीवर टांगली होती.

पाड्यावर येऊन तिनं तोंड सोडलं.

“चाळीस दिवसांत तो मरंल नायतर पांगळा होईल,” तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. “चार घरांतून चार मुठी जुनी नागली काढा. मी जव्हारला राहून रोज आंबील देते.”

लोक इकडंतिकडं बघायला लागले. भाद्रपद सरत आला की जुनी नागली कोणाकडं असते? कोनाड्यात मडकी पालथी पडलेली. जो तो कंदावर, भाजीपाल्यावर दिवस काढत होता. पण रुपीला नाही म्हणायचं कारण तेवढंच नव्हतं.

“बदाम खातोय तो, रुपे,” शेजारची सुकरी म्हणाली. “आपण बदाम बघितला तरी का कधी? आणि तू नागली नेतेस!”

“एवढा मोठा वस्ताद, त्याला कळत नसंल?” दुसरा कोणी म्हणाला.

भगत ढवळू चिलीम ओढत बसला होता. पाड्याचा देव त्याच्या हातातून खायचा, म्हणून त्याचा शब्द शेवटचा. “पोरी, गप बस. पंतांचं मन फिरलं तर वेठ आहेच पाठीवर. वीस दिवसांचा तर प्रश्न.”

“वीस दिवस त्याचे हायत. तुझे नाय.”

“तुझ्या जिभेला काय खुराक देतात गं?” ढवळू म्हणाला आणि सगळे हसले. तीही हसली असती एरवी.

शेतात हळवी, लवकर येणारी नागली पिकत आली होती. कणसं मिटल्या मुठीसारखी वळलेली, काही तांबूस झालेली. पण ती नवी. ढवळूनं नवं धान्य आधी धान्याच्या देवीला, कणसरीला, दाखवायचं, मग थोरांनी खायचं, मग बाकीच्यांनी. त्याआधी दाणा तोंडात टाकला तर देवी रुसते, कणगी भरत नाही, आणि ज्या घरानं टाकला त्या घराकडं सगळा पाडा वर्षभर बोट दाखवतो. ढवळूनं नव्याचा दिवस दसऱ्यानंतरचा धरला होता.

“दसऱ्याच्या आधी कर,” रुपी त्याला म्हणाली.

“देवीला घाई नाय. तुला हाय.”

पंधरा दिवस ती त्या कणसांकडं नुसती बघत राहिली. जव्हारहून येणाराजाणारा सांगायचा, लाडक्या काय सुंदर जाड झालाय! ऐकून पाड्यावरचे खूश व्हायचे, रुपी दात आवळायची. दसरा पाच दिवसांवर आला तेव्हा ती विळा घेऊन भर सकाळी शेतात गेली, पिकली पिकली कणसं खुडली, घरात दार लावून मळली, भाजली, दळली. भीती नव्हती असं नाही. लाडक्या हरला आणि हे फुटलं, तर पाड्याला एवढं मोठं खापर फोडायला एकच डोकं होतं, तिचं. असल्या बायकांना चेटकीण ठरवून पुढं काय करतात हे तिनं लहानपणी बघितलं होतं. दळता दळता ती कणसरीशी भांडली. “तुझ्याआधी खातंय कोण? मी नाय खात. त्याला देते. त्याचं पोट बिघडलंय. तुला पोट असलं तर तुला कळंल.”

जव्हारला तिच्या मावसबहिणीचं खोपट होतं, तिथं तिनं मुक्काम टाकला. आता लाडक्यापर्यंत पोचायचं कसं? वस्ताद सावलीसारखा पाठीशी. पण एक वेळ अशी होती की वस्तादसुद्धा पाठीशी जात नसे, आणि दुधाच्या कृपेनं ती वेळ दिवसातून पाचदा येत होती. तालमीमागं ओहोळ, ओहोळाकडेला करवंदीच्या जाळ्या. रुपी पहिल्या दिवशी सकाळी तिथं मडकं घेऊन बसली. लाडक्या लोटा घेऊन घाईनं आला, तिला बघून दचकला आणि म्हणाला, “आधी जाऊन येतो.”

तो परत येईपर्यंत ती फांदी मोडत बसली होती.

“पी. थोडी थोडी. घटाघट नको.”

त्यानं घोट घेतला, डोळे मिटले. मग डोळे उघडून विचारलं, “नागली कुठली?”

“तोंड बंद ठेव.”

“तोंड बंद ठेवून पिऊ कसा?” तो म्हणाला. पण त्याला कळलं होतं. घोट तोंडात धरून तो तिच्याकडं बघत राहिला. मग गिळला. त्या चाळीस दिवसांत त्यानं तेवढंच एक शहाणपण केलं.

पुढचं तिनं त्याला नीट पढवलं. थंडाई लोट्यात घालून इथं आण, जाळीच्या बुडाशी ओत. दूध पितो म्हणून कोपऱ्यात जा, हौद्याला पाज. बैठका नको, मांडी पिळवटली म्हण, म्हणजे वस्ताद रगडत बसेल आणि पायाला विसावा मिळेल. चार दिवस करवंदीला बदाम मिळाले. ती जाळी पुढं किती माजली हे जव्हारकरांनाच ठाऊक. तिसऱ्या दिवशी लाडक्या ओहोळावर एकदाच आला, तोही नुसता आंबील प्यायला. रुपीनं एवढ्या दिवसांत पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी वस्तादानं त्याला बैलगाडीत बसवून मोखाड्याला नेलं. ज्याला धावायचंय त्याला गाडीत आठ कोस हिंदकळत! रुपी मागून गेली नाही. तिनं चढ निवडला. मोखाड्याकडून येताना शेवटच्या दीड कोसावर रस्ता वर चढतो, तिथं सावली नाही, तिथं माणसाचं काय उरलंय ते दिसतं. सकाळी तुंबा भरून, त्यात चिमूटभर मीठ जास्त घालून ती तिथं येऊन बसली.

आधी वाड्याकडचा गडी आला. बुध्या नाव त्याचं, काळाशार, हडकुळा, अंगावर लंगोटी आणि ओठांवर पाण्याचे थेंब. वाटेतल्या ओहोळावर तो प्यायला होता हे बघताक्षणी कळत होतं. त्याच्या मालकानं त्याला काहीच खाऊ घातलं नव्हतं बहुतेक. गरिबाचं नशीब कधी कधी असंही फळतं.

मग थोडा वेळ कोणी नाही. मग तट्टावर बसलेला वस्ताद दिसला, आणि तट्टाच्या पुढं लाडक्या. ओठ पांढरे पडलेले. मान एका बाजूला. पावलं पडत होती, पण आपटत होती.

रुपी रस्त्यात उभी राहिली. “घे.”

लाडक्यानं तिच्याकडं पाहिलं, मग तट्टाकडं पाहिलं, आणि तिला वळसा घालून पुढं गेला.

तिच्या डोळ्यांपुढं लाल झालं. पदर खोचून ती त्याच्या बरोबरीनं धावायला लागली. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन असलेच चढ चढलेली बाई ती, रिकाम्या डोक्यानं तिला काय होणार होतं!

“मेल्या, पी! कोणाला घाबरतंस? भज्याकानाला?”

“आगं ए! बाजूला हो!” वस्ताद वरून ओरडला. “छाती फुटंल त्याची!”

“तुझी फुटो! घोड्यावर बसून तहान कळते काय तुला? उतर! उतर खाली आणि धाव तू!”

“पाणी लागलं का आखडंल तो!”

“आखडलाय तो! बघ त्याची मांडी! आंधळा हायस?”

खरंच मांडीत गोळा आला होता. लाडक्या दोन पावलं लंगडला, तिसऱ्याला थांबला, गुडघ्यावर हात टेकून वाकला. रुपीनं त्याचं डोकं धरून मागं केलं आणि तुंबा तोंडाला लावला. लेकराला पाजावं तसं, पण एवढ्या रागानं लेकराला कोणी पाजत नाही. “थोडं. थांब. आता परत. श्वास घे. परत.” दुसऱ्या हातानं ती त्याची मांडी चिमटत होती, चोळत होती. वस्ताद तट्टावरून उतरला, तुंबा हिसकायला आला. ती त्याच्याकडं वळली. तिनं काही केलं नाही, नुसती वळली. तो थांबला.

“जा आता,” ती लाडक्याला म्हणाली. “हळू सुरू कर. चढ संपला की सोड.”

लाडक्या गेला.

शेवट तिनं पाहिला नाही. चालत ती जव्हारात शिरली तेव्हा पिपाणी वाजत होती, आणि पहिला जो भेटला तो म्हणाला, तुझ्या माणसानं वेशीपाशी बुध्याला गाठलं आणि बैलगाडीभर अंतरानं मारली!

पंतांच्या ओसरीपुढं ही गर्दी. पाड्यावरचे सगळे आलेले, ढवळू सगळ्यांत पुढं. लाडक्याच्या डोक्याला जरीचा फेटा. आणि शेला कोणाच्या खांद्यावर? वस्तादाच्या. वस्तादाचे डोळे भरून आले होते, तो बोलत होता. चाळीस दिवसांचं दूध. बदाम. तूप. मटण. “आणि पाण्याचा थेंब नाय!” हेसुद्धा त्यानं म्हटलं. चढावर काय झालं ते तो विसरला होता. खोटं बोलत नव्हता. खरोखर विसरला होता.

पंत म्हणाले, “लाडक्या आता आमच्याकडेच राहील. नाशिककडं शर्यती होतात, बडोद्याकडं होतात. केरबा त्याला तयार करील. आणि पाड्यावरचे आणखी चार चांगले गडी द्या. खुराक आमचा.”

पाडा माना डोलावत होता. लाडक्या फेट्याखाली मान खाली घालून उभा.

“त्यानं चार दिवस दूध प्यायलं नाय,” रुपी म्हणाली.

गर्दी वळली. ती धुळीनं भरलेली, केस सुटलेले, हातात तुंबा.

“बदाम करवंदीला घातले. चार दिवस तो माझ्या हातची आंबील पितोय. आणि आज चढावर पिला. वस्ताद, खरं सांग, पिला का नाय?”

वस्तादाचं तोंड उघडं राहिलं. त्याला आत्ता आठवलं बहुतेक.

पण ढवळू वस्तादाकडं बघत नव्हता. “आंबील कुठल्या नागलीची?” त्यानं विचारलं. आवाज बारीक. “जुनी तर कोणाकडंच नव्हती.”

गप्प बसली असती तर चाललं असतं. ती गप्प बसली नाही.

“नवी.”

पाड्यावरची माणसं एक पाऊल मागं सरली. सुकरीनं तोंडाला पदर लावला. पंतांना काय झालं ते कळलंच नाही, ते हसत म्हणाले, “नागली? बरं, मग नागलीच देऊ त्याला! पोतंभर देऊ. केरबा, उद्यापासून आंबील!”

रुपीला हे सुचलंच नव्हतं. सगळं खरं सांगून झालं, आपलं डोकं खापराखाली धरून झालं, आणि ठेकेदारानं फक्त सामान बदललं होतं. गडी त्याचाच. ती लाडक्याकडं बघत राहिली. आता तू बोल. नाही बोललास तर मी इथून एकटी जाते, आणि परत ओहोळावर कोणी येणार नाही.

लाडक्यानं फेटा काढला. कुठं ठेवावा कळेना, म्हणून वस्तादाच्या हातात दिला. “वस्ताद, तुम्ही मला पोरासारखं वागवलं,” तो म्हणाला. “पण माझं पोट बिघडलं होतं आणि मी तुम्हाला भिऊन बोललो नाय. मी राहणार नाय. नागली कापायचीय.”

“मग वेठीचं बोलणं—” पंत सुरू झाले.

“बोलणं जिंकायचं होतं,” ढवळू मध्येच म्हणाला. त्याला कोणाचा राग जास्त आलाय ते त्यालाच ठरवता येत नव्हतं. “राहायचं नव्हतं. तो जिंकला. सगळ्या जव्हारानं बघितलं.” वाड्याकडचा ठेकेदार शेजारीच बसला होता, आता तो गालात हसायला लागला. त्याच्यापुढं पंतांना शब्द फिरवता येईना. त्यांनी हात झटकला. जा.

मग ढवळू रुपीकडं वळला. “तुझं काय?”

“दंड सांग.”

“कोंबडा. ताडीचा घडा. आणि यंदा नव्याच्या पंगतीला तुम्ही दोघं दाराबाहेर. सगळ्यांच्या शेवटी.”

“देते. पण वीस दिवसांआधी चार मुठी मागितल्या होत्या, ते पण देवीला सांग. सांगशील?”

ढवळूनं पाड्याच्या माणसांना चला म्हणून हात केला. पुढं पाड्यावर त्या वर्षी कोणी वेठीला गेलं नाही. तरी किती तरी दिवस रुपीच्या दारावरून जाताना लोक वाट वाकडी करत होते. वेठ वाचली ती लाडक्यामुळं, देवी रुसली ती रुपीमुळं, अशी वाटणी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पोशेऱ्याला निघाले. ती पुढं, तो मागं.

“कोंबडा कोणाचा द्यायचा?” लाडक्यानं विचारलं.

“तुझा. प्यायलास तू.”

“पाजलीस तू.”

“चढावर वळसा कोणी घातला मला? मी काय धोंडा होते वाटेतला?”

“घोडा बघितला नं मी.”

“घोडा बघितला! बायको नाय बघितली.” ती थांबली. “पुढं हो.”

“का?”

“तुझे पाय बघू दे.”

तो पुढं झाला. उजवं पाऊल बाहेर फेकलं जात होतं, गुडघा नीट वाकत नव्हता. उताराला तो दर वेळी डाव्यावर भार टाकत होता. हे बरं व्हायला महिना लागेल, की सगळा हिवाळा, की कधीच नाही, हे तिला मागून बघून कळेना. ती वस्तादावर चिडली, पंतांवर चिडली, ढवळूवर, त्या तट्टावर, आणि सगळ्यांत जास्त समोरच्या त्या लंगडत्या पाठीवर. पोशेऱ्यापर्यंत तिचा राग उतरला नाही. पण एवढ्या वाटेत तिनं आपलं पाऊल एकदाही त्याच्या पावलाहून भरभर पडू दिलं नाही.